वाचकांचे प्रश्न: आयर्लंडचं लाल शेवाळ, कॅरागीन

आयर्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावर उगवणारं आणि तिथल्या घरांत पिढ्यान् पिढ्या दुधात शिजवलं जाणारं लाल समुद्रशेवाळ म्हणजे कॅरागीन. इंग्रजीत त्याला ‘आयरिश मॉस’ म्हणतात, पण हे मॉस नव्हे. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांकडून त्याबद्दल बरेच प्रश्न आले. सर्वांत जास्त पत्रांमध्ये एकच तक्रार होती, म्हणून सुरुवात तिथूनच.

पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ८ ग्रॅम कॅरागीन आणि पाऊण लिटरहून थोडं जास्त दूध घेऊन पुडिंग केलं. एकदा सुरेख थिजलं. पुढच्या खेपेला त्याच दुकानातलं दुसरं पाकीट आणलं, तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही नुसतं बासुंदीइतकं दाट झालं. चूक कुठे झाली? (कॉर्क)

कदाचित तुमची काहीच चूक नसेल. कॅरागीन ही कारखान्यात एकसारखी करून आलेली पूड नाही. ते खडकावरून कापून वाळवलेलं शेवाळ आहे, आणि मूठभर शेवाळात थिजवण्याची ताकद किती हे मुठीमुठीला बदलतं.

कारण असं. या शेवाळाच्या, म्हणजे कॉन्ड्रस क्रिस्पसच्या, दोन पिढ्या आलटून पालटून येतात. एक गंतुकधारी (नर-मादी पेशी तयार करणारी), दुसरी बीजुकधारी (बीजुकं, म्हणजे स्पोअर, तयार करणारी). वाळल्यावर दोन्ही दिसायला इतक्या सारख्या, की नजरेने वेगळ्या काढणं जवळपास अशक्य. पण पहिलीच्या पेशीभित्तिकेत कॅपा आणि आयोटा जातीचं कॅरागीनन (शेवाळातला बुळबुळीत पदार्थ, ज्याने दूध थिजतं किंवा दाट होतं) असतं आणि दुसरीच्या भित्तिकेत लॅम्डा जातीचं. कॅपा घट्ट थिजतं, आयोटा मऊ, लवचीक थिजतं आणि लॅम्डा अजिबात थिजत नाही, फक्त दाटपणा आणतं. खडकावर दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी वाढतात आणि कापणारा दोन्ही एकाच पोत्यात भरतो. तुमच्या दुसऱ्या पाकिटात लॅम्डावाली पिढी जास्त आली असेल, तर ८ ग्रॅममध्ये बासुंदीच होणार.

बाजारातल्या कॅरागीनमध्ये मॅस्टोकार्पस स्टेलॅटस नावाचं दुसरं शेवाळही मिसळलेलं असतं. ही भेसळ नव्हे. आयर्लंडमध्ये दोन्हींना कॅरागीनच म्हणतात आणि दोन्ही एकत्र तोडतात. उलट मॅस्टोकार्पसचा भाग जास्त असलेलं पाकीट थिजायला भरवशाचं. या शेवाळाची फक्त गंतुकधारी पिढीच फांद्या फुटून उभी वाढते. दुसरी पिढी खडकावर डांबराच्या डागासारखी पसरलेली असते, ती कोणी तोडत नाही.

तरीही प्रत्येक वेळी दोष शेवाळाला देऊ नका. पुढच्या गोष्टी आधी तपासा.

दूध कोणतं होतं? ओट, बदाम किंवा नारळाचं दूध असेल तर उत्तर तिथेच मिळालं. कॅरागीनन दुधातल्या केसीन या प्रथिनाशी जुळतं, म्हणून गाईच्या दुधात इतक्या थोड्या शेवाळात काम भागतं. केसीन नसलेल्या कुठल्याही द्रवात, अगदी साध्या पाण्यातसुद्धा, दुप्पट ते तिप्पट कॅरागीन लागतं.

गाळताना काय केलंत? सर्वांत जास्त पुडिंगं गाळणीत वाया जातात. २० मिनिटं शिजल्यावर शेवाळ फुगतं आणि त्याच्याभोवती बुळबुळीत जेली चिकटून राहते. मलमलीतून नुसतं दूध निथळू दिलं तर ती जेली, म्हणजे खरा माल, कापडात राहून कचऱ्यात जाते. स्टीलची बारीक जाळीची गाळणी घ्या, लाकडी चमच्याने शेवाळ दाबून घोळवा आणि गाळणीच्या खालच्या बाजूला लोंबणारी जेली चमच्याने खरवडून भांड्यात घ्या. तुकडे जाळीतून खाली उतरू लागले की थांबा, नाहीतर समुद्राची चव उतरेल.

शिजवताना लिंबाचा रस टाकला होता का? आम्लात उकळलं की कॅरागीननच्या लांब साखळ्या तुटतात आणि तुटलेल्या साखळ्या थिजत नाहीत. दूध फाटतं ते वेगळंच. लिंबाची साल चालते, रस नाही.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय बशीचा. एक बशी आधीच फ्रिजमध्ये गार करून ठेवा. गाळलेल्या गरम दुधाचा एक चमचा तिच्यावर घाला आणि दोन-तीन मिनिटं परत फ्रिजमध्ये ठेवा. बोटाने हलकेच ढकलल्यावर पृष्ठभागावर सुरकुती पडली तर पुडिंग थिजणार. नुसतं वाहिलं तर भिजवलेलं आणखी २-३ ग्रॅम कॅरागीन टाकून दूध पुन्हा १० मिनिटं मंद शिजवा, गाळा, परत बशी. ग्रॅमच्या आकड्यापेक्षा या बशीवर विश्वास ठेवा.

आणि रात्रभर ठेवून न थिजलेलं पुडिंग फेकू नका. ही जेली गरम केली की वितळते आणि गार झाली की पुन्हा थिजते. अंडं घातलेलं नसेल तर सगळं भांड्यात ओतून वरचाच उपाय करा. रबरासारखं घट्ट झालं असेल तरीही हेच: गरम करून कपभर दूध वाढवा. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, वितळल्यावर पाणी सुटतं आणि पोत दाणेदार होतो.

आम्ही अंडं खात नाही. मूळ कृतीत अंडं लागतंच का? (डब्लिन)

नाही. अंड्याने पुडिंग हलकं आणि फेसाळ होतं, थिजवण्याचं काम शेवाळच करतं. जिलेटिनही लागत नाही, त्यामुळे शाकाहारी घरात हा पदार्थ सोयीचा.

बिनअंड्याचं असं करा. १० ग्रॅम वाळलेलं, फिकट रंगाचं कॅरागीन घ्या, म्हणजे अर्धवट मिटलेल्या मुठीत मावेल एवढं. कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं भिजवा. ते मऊ होऊन पसरतं, तेव्हा वाळू, शिंपल्यांचे कण, पांढऱ्या सूक्ष्म गोगलगाईसारख्या दिसणाऱ्या नळ्या हाताने निवडून काढा. या नळ्या शेवाळावर राहणाऱ्या किड्यांच्या असतात. विषारी नसतात, पण दाताखाली कचकचतात. भिजवलेलं पाणी टाकून द्या. तासभर भिजत ठेवू नका, कारण गोड्या पाण्यात थोडं कॅरागीननही विरघळून जातं.

९०० मिलिलिटर पूर्ण स्निग्धांशाचं दूध, निवडलेलं शेवाळ आणि लिंबाच्या सालीची एक पट्टी (पांढरा कडू भाग नको) जाड बुडाच्या भांड्यात एकत्र ठेवा. उकळी आली की आच अगदी मंद करा, झाकण थोडं तिरपं ठेवा आणि २० मिनिटं शिजवा. मधून मधून ढवळत राहा, कारण शेवाळ तळाशी बसलं की तिथलं दूध लागतं. आच मोठी ठेवून वेळ वाचवायला गेलात तर दूध करपतं आणि समुद्राचा वास वाढतो. २० मिनिटांनंतर वर सांगितल्याप्रमाणे गाळा, २ मोठे चमचे साखर विरघळवा, बशीवर तपासा, जायफळ किसा आणि वाडग्यांत ओता. हे खोलीच्या तापमानालाही थिजतं. फ्रिजमध्ये ३ ते ४ तासांत कापण्याजोगं होतं.

पोत खरवसाइतका घट्ट नसतो. चमचा टेकवल्यावर थरथरला पाहिजे. घट्ट वडी पाडायच्या हट्टाने कॅरागीन वाढवू नका, १५ ग्रॅमच्या पुढे गेलात की पोत चिवट आणि चव खारट होते.

अंडं चालणाऱ्यांसाठी: ८ ग्रॅम कॅरागीन पुरतं. बलक साखरेत घोटून त्यावर गरम गाळलेलं दूध हळूहळू ओतायचं आणि शेवटी फेटलेला पांढरा भाग हलक्या हाताने मिसळायचा. वर फेसाचा थर येतो. अंड्याचा पांढरा भाग यात पूर्ण शिजत नाही, म्हणून गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी बिनअंड्याचंच करावं. काउंटी कॉर्कमधल्या बॅलीमलू हाऊसच्या मर्टल ॲलन यांनी १९६४ मध्ये तिथे रेस्टॉरंट सुरू केलं. गरिबाघरचा समजला जाणारा हा पदार्थ पाहुण्यांच्या पानात मानाने वाढला जाऊ लागला, त्यात त्या स्वयंपाकघराचा वाटा मोठा. तिथली कृती या अंड्याच्या पद्धतीची आहे.

गॉलवेजवळच्या खडकांवर तीन-चार प्रकारचं तांबडं-जांभळं शेवाळ दिसतं. त्यातलं कॅरागीन कसं ओळखायचं? (गॉलवे)

ओहोटीच्या अगदी खालच्या पट्ट्यात बघा, जिथे केल्प नावाचं मोठं तपकिरी शेवाळ दिसायला लागतं तिथे आणि त्याच्या जरा वर. तिथे १० ते १५ सेंटिमीटर उंचीचे, पंख्यासारखे पसरलेले झुपके असतात. देठ खाली अरुंद आणि चपटा. वर जाताना तो दोनात फुटतो, प्रत्येक फांदी पुन्हा दोनात, असं टोकापर्यंत. तळाशी बारीक चकतीने खडकाला घट्ट धरलेलं असतं. हा कॉन्ड्रस.

मॅस्टोकार्पसचा देठ कडांनी आत वळलेला असतो, बोटाने चाचपलं तर पन्हाळीसारखी खाच लागते, आणि वयात आलेल्या शेवाळावर मुरमांसारखे उंचवटे दिसतात. दोन्ही चालतात हे वर आलंच.

रंगावर विसंबू नका. सावलीत काळपट जांभळं असणारं तेच शेवाळ उन्हाळ्यात उघड्या डबक्यात हिरवट-पिवळं होतं आणि नवख्याला वाटतं हे वेगळंच काही आहे. पाण्याखाली असताना काही कॉन्ड्रसच्या टोकांवर निळसर-जांभळी झळाळी दिसते, मोरपिसाची आठवण यावी अशी. पाण्याबाहेर काढलं की ती जाते. ही झळाळी गंतुकधारी पिढीची खूण मानली जाते, म्हणजे थिजणाऱ्या कॅरागीनची. खडकावर उभं राहून निवड करायची असेल तर एवढी एकच खूण हाताशी आहे.

तोडायला कधी जावं? आणि कायदा काय म्हणतो? (तेच पत्र)

उधाणाच्या दिवसांतली ओहोटी पकडा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, ओहोटीत पाणी पुरेसं मागे हटतच नाही आणि कॅरागीनचा पट्टा बुडालेलाच राहतो. गॉलवेच्या बाजूला उधाणाची खोल ओहोटी साधारण दुपारच्या आसपास येते, ही सोय आहे. तरी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच निघा. ओहोटीच्या वेळेआधी तास-दीड तास पोचा, पाण्याच्या मागोमाग खाली उतरा आणि पाणी वळलं की कितीही माल समोर दिसला तरी परत फिरा. अटलांटिकच्या लाटेकडे पाठ करून वाकू नका. ओल्या शेवाळावर साधा रबरी बूट घसरतो, म्हणून खोल खाचांचा तळ हवा, आणि एकट्याने जाऊ नका.

हंगाम एप्रिल-मे ते सप्टेंबर. त्याचं अर्धं कारण शेवाळाची वाढ आणि अर्धं कारण वाळवायला लागणारं ऊन. शरद उजाडला की जुन्या फांद्यांवर पांढरी जाळीदार बुरशीसारखी पुटं चढतात. ती सूक्ष्म प्राण्यांची वस्ती असते आणि स्वच्छ करता करता जीव जातो.

कात्रीने कापा, उपटू नका. खालचा एक-तृतीयांश भाग चकतीसह खडकावर राहिला पाहिजे, त्यातूनच नवी फांदी फुटते. ओढून काढलं तर खडक रिकामा होतो आणि ती जागा दुसरंच शेवाळ बळकावतं. एका झुपक्यातून थोडं, मग पुढचा झुपका. सांडपाण्याचे नळ, बंदरं आणि नदीमुखं टाळा, जोराच्या पावसानंतर तर नक्कीच.

कायद्याबद्दल: आयर्लंडमध्ये भरतीच्या रेषेखालचा किनारा बहुतांश सरकारी मालकीचा आहे आणि १९३३ च्या फोरशोअर ॲक्टपासून त्यावर नियंत्रण आहे. विक्रीसाठी तोडणी करायची तर परवान्याचा प्रश्न येतो. पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी कुटुंबांचे शेवाळतोडीचे जुने हक्क जमिनीच्या नोंदींत चढलेले आहेत आणि लोक ते गांभीर्याने घेतात. घरच्या पुडिंगपुरती पिशवीभर तोडतानाही आधी गावात विचारा. कुणाच्या हक्काच्या खडकावर कात्री चालवून गावाशी वाकडं घेण्यात अर्थ नाही.

दुकानातलं कॅरागीन फिकट पिवळसर असतं, आम्ही वाळवलेलं काळंच राहिलं आणि पुडिंग मातकट जांभळं झालं. ब्लीच वापरतात का? (काउंटी क्लेअर)

पारंपरिक पद्धतीत रसायन नाही. ऊन, दव आणि पाणी, एवढंच. पण त्यांचा क्रम पाळावा लागतो.

शेवाळाचा लाल रंग फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगद्रव्याचा. ते पाण्यात विरघळतं आणि प्रकाशाने नासतं. तुम्ही एकदाच पसरून, कडक उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळवलंत, म्हणून रंग आत कोंडला गेला. रंग जायचा तर शेवाळ ओलं होऊन वाळलं पाहिजे, पुन्हा ओलं होऊन वाळलं पाहिजे, असं अनेकदा.

शेवाळ समुद्राच्या पाण्यातच खळबळून वाळू काढा. आखूड कापलेल्या हिरवळीवर एकेरी थरात पसरा. गवताचं काम असं की खालून हवा खेळते आणि रात्री दव मिळतं. सिमेंटवर किंवा पत्र्यावर पसरलं तर खालची बाजू चिकटते. दिवसातून एकदा उलथवा. पाऊस आला नाही तर संध्याकाळी पाणी शिंपडा, जमलं तर समुद्राचं. काळपट जांभळा, मग किरमिजी, मग गुलाबी आणि शेवटी सायीसारखा फिकट पिवळा, अशा पायऱ्या दिसतात. हवेवर अवलंबून याला पाच-सहा दिवसांपासून दोन आठवडे लागतात. शेवटी मात्र सलग कोरडे दोन दिवस हवेत, म्हणून ते कधी येणार हे हवामानाचा अंदाज बघून आधीच ठरवा.

यात बिघडतं ते दोन टोकांना. एक तुमचं, घाईने वाळवलेलं. दुसरं, सलग तीन-चार दिवस पावसात भिजत पडलेलं. हलकी सर फायद्याची, पण संततधारेत शेवाळ बुळबुळीत होतं, जेली गवतात वाहून जाते आणि उरतो तो पांढराशुभ्र, सुंदर दिसणारा, न थिजणारा चोथा. पावसाची झड लागणार असेल तर गोळा करून छपराखाली दोरीवर किंवा जाळीवर टाका. ढीग करून ठेवू नका, ओला ढीग आतून तापतो आणि कुजतो.

पूर्ण वाळलेलं कॅरागीन हातात कडक, शिंगासारखं लागतं आणि वाकवल्यावर मोडतं. चार-पाच किलो ओल्या शेवाळाचं किलोभर वाळलेलं होतं.

तुमचं काळं कॅरागीन वाया गेलेलं नाही. खोकल्याच्या काढ्याला ते उत्तम. ताकदीत कमी नसतं, फक्त रंग आणि वास उग्र. काही घरांत तर तेच जास्त औषधी मानतात.

त्या काढ्याची कृती द्याल का? खरंच गुण येतो? (लिमरिक)

१० ग्रॅम कॅरागीन १५ मिनिटं भिजवून, निवडून, १ लिटर ताज्या पाण्यात घाला. झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास शिजवा आणि दाबून गाळा. आच बंद करून जरा निवल्यावर एका लिंबाचा रस आणि चवीपुरता मध घाला. रस शेवटी घालण्याचं कारण वर पुडिंगमध्ये आलंय. पातळ पेजेसारखं दिसतं. गरम असतानाच कपभर घोट घोट प्या. गार झाल्यावर बुळबुळीत होतं आणि मग भल्याभल्यांच्या घशाखाली उतरत नाही. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, हवं तेवढं गरम करून घ्यायचं.

गुण येतो तो घशावर मऊ थर बसल्यामुळे. कोरडा खोकला थोडा वेळ शमतो, खवखव कमी होते. आयर्लंडमध्ये हे छातीच्या सगळ्या दुखण्यांवर, अगदी क्षयावरही देत असत. क्षय याने बरा होत नाही. ताप असेल, दम लागत असेल किंवा खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल, तर काढा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

कॅरागीन आणि आपलं चायना ग्रास एकच का? एकाच्या जागी दुसरं चालेल? (कॉर्क)

एक नाही. चायना ग्रास म्हणजे अगर. तेही लाल शेवाळांचंच, पण जेलिडियम आणि ग्रासिलेरिया या वेगळ्या प्रजातींचं. शिवाय चायना ग्रास हा उकळून, गाळून, वाळवलेला अर्क आहे, आणि कॅरागीन म्हणजे शेवाळ जसंच्या तसं. म्हणून चायना ग्रास पूर्ण विरघळतं, कॅरागीन गाळून काढावं लागतं.

पोतही वेगळा. अगर कडक थिजतं, दाताखाली तुटतं आणि एकदा थिजल्यावर वितळायला जवळपास उकळीचं तापमान लागतं. कॅरागीन दुधात मऊ, लोण्यासारखं. फळांच्या रसाची वडी हवी तर चायना ग्रास घ्या, दुधाचा पदार्थ हवा तर कॅरागीन. ग्रॅमला ग्रॅम अदलाबदल करू नका.

आइस्क्रीमच्या डब्यावर ई ४०७ लिहिलेलं असतं. ते हेच का? त्याच्याबद्दल वाईट वाचलं होतं. (डब्लिन)

ई ४०७ म्हणजे कॅरागीनन, शेवाळातून काढून शुद्ध केलेला अर्क. नाव कॅरागीनवरून आलं, पण आज त्याचा बहुतेक कच्चा माल आयर्लंडचा नसतो. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात दोऱ्यांवर लावलेल्या कॅपाफायकस आणि युकुमा या उष्ण पाण्यातल्या शेवाळांपासून तो येतो.

वाईट वाचलेलं बऱ्याचदा पॉलिजीननबद्दल असतं. तीव्र आम्ल आणि उष्णता देऊन कॅरागीननचे तुकडे केले की ते बनतं आणि खाद्यपदार्थांत त्याला परवानगी नाही. घरच्या दुधात २० मिनिटं शिजवताना तसं होत नाही. अन्नातल्या कॅरागीननचा आतड्यांवर काय परिणाम होतो यावर अभ्यासकांमध्ये वाद सुरू आहे, त्यामुळे आतड्याला सूज असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून खाणं शहाणपणाचं.

थायरॉइडचं काय, असंही दोघांनी विचारलंय. समुद्रशेवाळात आयोडीन असतंच. तपकिरी केल्पच्या तुलनेत कॅरागीनमध्ये ते बरंच कमी असतं आणि महिन्यातून दोन-चारदा पुडिंग खाणाऱ्या निरोगी माणसाने काळजी करायचं कारण नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल, तर रोज काढा पिण्याची सवय लावू नये.

उत्तर आयर्लंडमध्ये बॅलीकासलच्या जत्रेतून जांभळं, खारट, चघळायचं शेवाळ आणलं. त्याचं पुडिंग होईल का? (बेलफास्ट)

नाही होणार. ते डल्स, पाल्मेरिया पाल्माटा. पश्चिमेकडे त्यालाच डिलिस्क म्हणतात. लाल शेवाळ असलं तरी त्याच्या पेशीभित्तिकेत कॅरागीनन नसतं, झायलान असतं, आणि झायलान थिजवत नाही. दुधात शिजवलंत तर खारट जांभळं दूध मिळेल.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवार-मंगळवारी भरणाऱ्या त्या ओल्ड लॅमस जत्रेत डल्स आणि ‘यलोमॅन’ नावाची पिवळी, जाळीदार, कडक मिठाई एकत्र विकायची रीत आहे. खारट आणि गोड आलटून पालटून खाऊन बघा. उरलेलं डल्स कुरकुरीत भाजून बटाट्यावर चुरडा.

शेजारचे शेतकरी म्हणाले, पूर्वी वासरांनाही कॅरागीन देत. आणि बिअरमध्येही घालतात म्हणे. (काउंटी केरी)

दोन्ही खरं. अशक्त किंवा हगवण लागलेल्या वासराला कॅरागीन पाण्यात शिजवून, गाळून, कोमट करून दुधातून पाजत. आतड्याला मऊपणा मिळत असेल, पण हगवणीत वासरू मरतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने, आणि ते या पेजेने भरून निघत नाहीत. आज पशुवैद्य आणि क्षारांचं द्रावण आधी.

बिअरमध्ये ते चवीसाठी नाही, नितळपणासाठी घालतात. कॅरागीननवर ऋण भार असतो, बिअरच्या उकळत्या काढ्यातल्या प्रथिनांवर धन भार. दोघं एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि तळाशी बसतात. घरगुती २० लिटरला चुरलेल्या कॅरागीनचा एक सपाट छोटा चमचा, १० मिनिटं भिजवून, उकळण्याच्या शेवटच्या १५ मिनिटांत टाकायचा. तासभर आधी टाकलं तर आम्लात उकळून ते निकामी होतं. जास्त टाकलं तर तळाशी कापसासारखा गाळ फुगतो आणि लिटरभर बिअर त्याच्याबरोबर मोरीत जाते.

बरणीतल्या कॅरागीनवर पांढरी भुकटी दिसते. टाकून द्यावं का? (स्लायगो)

आधी नीट बघा आणि वास घ्या, मगच बोटाला लावून चाखा. खारट, कोरडी, कणीदार असेल तर ते मीठ आहे, भिजवताना निघून जाईल. मऊ, केसाळ असेल आणि ओल्या गोणपाटासारखा वास येत असेल तर ती बुरशी, चाखूही नका, सगळी बरणी टाका. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून कागदी पिशवीत ठेवलेलं कॅरागीन आयर्लंडच्या हवेत पावसाळी आठवड्यातच लवचीक होतं. तसं झालं असेल पण वास चांगला असेल, तर ओव्हनमध्ये ५० अंशांवर दार किलकिलं ठेवून कडक होईपर्यंत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवा. दोन वर्षं सहज टिकतं. वापरण्याआधी बशी मात्र गार करायला ठेवा.